पोर्शने इलेक्ट्रिक गाड्या बंद केलेल्या नाहीत, दादा

"पोर्शने हात टेकले! इलेक्ट्रिक गाड्या कायमच्या बंद, बॅटरी कारखान्याला टाळं, आता पाण्यापासून पेट्रोल! विक्री पडली ती इलेक्ट्रिकमुळेच. ही गाडी ट्रॅकवर एका फेरीत दमते, पाच वर्षांत बॅटरी भंगार! मुलांना या बुडत्या धंद्यात घालू नका." हा मेसेज गेल्या आठवड्यात मला चार जणांनी पाठवला. चौथा माझा थोरला भाऊ. त्याने खाली लिहिलं होतं, "चिरंजीवांना बॅटरीचा अभ्यासक्रम सोडायला सांगितलंय." एरवी असले मेसेज मी पुसून टाकते. हा पुसून भागणार नाही.

आधी 'कायमच्या बंद'. सप्टेंबर २०२५ मध्ये या जर्मन कंपनीने जाहीर केलं ते इतकंच: पुढच्या दशकासाठीचा नवा इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्म, म्हणजे अनेक गाड्यांना सामाईक असलेला पाया, लांबणीवर, कायेन या तिच्या मोठ्या एसयूव्हीच्या वरची नवी एसयूव्ही सुरुवातीला पेट्रोल आणि हायब्रिडच, आणि पेट्रोलवरच्या कायेन-पानामेरा आणखी बरीच वर्षं चालू. लांबणीवर टाकणं आणि बंद करणं यातला फरक आपल्याला एरवी चांगला कळतो. त्यानंतर दोनच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, याच कंपनीने इलेक्ट्रिक कायेन लोकांसमोर आणली. विक्रीचे आकडेही कंपनीनेच दिलेत. २०२५ मध्ये तिने जगभरात २,७९,४४९ गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. त्यातल्या २२.२ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. २०२४ मध्ये हेच प्रमाण १२.७ टक्के होतं. सर्वाधिक खपलेल्या माकान या एसयूव्हीमध्ये निम्म्याहून जास्त गाड्या इलेक्ट्रिक. वर्षभरात वाटा एवढा वाढला, त्याला बंद पडणं म्हणायचं?

एक मात्र मान्य करायलाच हवं. २०३० पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त गाड्या इलेक्ट्रिक असतील, असं पोर्शने २०२२ मध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. ते आता होणार नाही. टायकान ही तिची पूर्ण इलेक्ट्रिक गाडी २०२३ मध्ये ४०,६२९ विकल्या गेल्या, २०२५ मध्ये १६,३३९. हे अपयशच आहे. पण मेसेजवाला एकूण विक्रीतली सगळी घट इलेक्ट्रिकच्या माथी मारतो, ते खोटं आहे. सगळ्यात मोठा खड्डा चीनमध्ये पडला: २०२१ मध्ये ९५,६७१ गाड्या, २०२५ मध्ये ४१,९३८. तिथे महागड्या गाड्यांची मागणी आटली, आणि शाओमीसारख्या तिथल्याच कंपन्या इलेक्ट्रिक गाड्या घेऊन समोर उभ्या राहिल्या.

बॅटरी कारखान्याचं अर्धं खरं आहे. सेलफोर्स या उपकंपनीत स्वतःचे सेल, म्हणजे बॅटरीचे मूळ घटक, बनवायचा बेत ऑगस्ट २०२५ मध्ये सोडला, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. संशोधन तेवढं तेव्हा ठेवलं. सेल बाहेरून घेणं म्हणजे बॅटरी सोडणं नव्हे; टायकानचे सेल पहिल्यापासून बाहेरूनच येतात.

'पाण्यापासून पेट्रोल' वाचून मात्र माझा संयम सुटला. चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासजवळ, हारू ओनी नावाचा प्रकल्प डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. पोर्शचा त्यात पैसा आहे. तिथे वारा सोसाट्याचा. पवनचक्कीच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढतात, त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवून मिथेनॉल करतात आणि मिथेनॉलचं पेट्रोल. म्हणजे पाणी हा नुसता कच्चा माल, ऊर्जा सगळी विजेची. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. त्यात जाळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. शिवाय या प्रत्येक पायरीवर ऊर्जा वाया जाते, आणि उरलेल्यातली बरीचशी इंजिन उष्णता म्हणून बाहेर टाकतं. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी पट लांब जाते. प्रकल्पाची क्षमता वर्षाला १,३०,००० लिटर. साठ लिटरची टाकी धरा, साधारण २,१६६ टाक्या झाल्या. म्हणजे पोर्शने २०२५ मध्ये विकलेल्या दर शंभर गाड्यांपैकी एकीचीसुद्धा टाकी एकदा भरणार नाही. रस्त्यावर असलेल्या जुन्या ९११ साठी, म्हणजे पोर्शच्या पेट्रोलवरच्या स्पोर्ट्स कारसाठी, हे इंधन उपयोगी पडेल, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या जिवावर इलेक्ट्रिक गाडी मोडीत काढायची?

'ट्रॅकवर एका फेरीत दमते' याला उत्तर न्युर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या ट्रॅकचं: टायकानने २०.८ किलोमीटरची फेरी ७ मिनिटं ७.५५ सेकंदांत मारली आहे. 'पाच वर्षांत बॅटरी भंगार' म्हणणाऱ्यांनी वॉरंटी वाचावी, आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर.

राहता राहिली मुलं. पोर्शची शान म्हणजे ९११. २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला ४०० व्होल्टची बॅटरी आहे, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोत विजेची मोटर आहे, गिअरबॉक्समध्येही आहे. त्याच न्युर्बुर्गरिंगवर ती आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी लवकर आली. बॅटरी थंड कशी ठेवायची, मोटरला वीज नेमकी किती आणि कधी द्यायची, हे जाणणारा माणूस या पेट्रोलच्या गाडीलाही लागला. माझा भाचा हेच शिकतोय.

दादा, त्याची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. त्याला उद्याच वसतिगृहावर परत पाठव.