मातीसकट आलेली चांदीची वाटी

परवा रात्री व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. बसकी, बिनकाठाची वाटी. रंग राखाडी-जांभळा, आत चिकट काळी माती. खाली मेसेज: "काका, चांदीच हाय. तुमी घेता का जी? नाही तं मोडीत देतो." पोरगा ओळखीतला, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडच्या एका खेड्यातला. मी विचारलं, कुठल्या वावरात निघाली, किती खोल, बाजूला आणखी काय होतं? उत्तर आलं, "थे सांगता येत नाही काका."

मी घेतली नाही. का, ते इथं लिहितो, कारण जुन्या चांदीचे शौकीन आता आपल्या भागातही वाढलेत आणि त्यातले बरेच माझे मित्र आहेत.

आमच्या घरी तीन पिढ्यांची सोनारकी. मोडीत आलेली फुलपात्रं, गडवे, पंचपात्रं मी वजनाच्या भावानं घेऊन ठेवतो. धानाला भाव मिळाला नाही, पोरीचं लग्न काढलं, की आजीचं फुलपात्र दुकानात येतं. ते मुशीत गेलं की त्यावर कोरलेलं आजीचं नावही जातं. ते वाचवणं मला आजही योग्य वाटतं. देणारा समोर बसलेला असतो, गाव-घर माहीत असतं, वहीत सगळं लिहिता येतं.

जमिनीतून निघालेल्या चांदीचं तसं नसतं. 1996 साली शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून मी एक पेला घेतला होता. "जुन्या वाड्यातला आहे," म्हणाला. मी मान डोलावली. घरी आणून चिंचेच्या पाण्यात उकळला, रिठ्यानं घासला. घासण्याआधी एका बाजूच्या थरावर बारीक विणीचा ठसा दिसला होता. चांदी जमिनीत शेकडो वर्षं राहिली की तिच्यावर क्लोराइडचा थर चढतो, आणि ती कापडात गुंडाळलेली असेल तर कापडाची वीण त्या थरात उमटून राहू शकते. म्हणजे कुणीतरी तो पेला फडक्यात बांधून पुरला होता, आणि वाड्याची गोष्ट खोटी होती. मला हे सगळं कळलं तेव्हा तो थर मोरीतून वाहून गेला होता. पेला अजून घरी आहे. लखलखीत आहे. त्याच्याकडे पाहवत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मुलामा दिलेल्या ग्रीक चांदीच्या भांड्यांचा एक संच सुमारे 30 लाख डॉलरला घेतला. वाइन पिण्याची, वाढण्याची भांडी. पुढे मॅल्कम बेल या पुरातत्त्वज्ञानं इटलीच्या सिसिली बेटावरच्या मॉर्गान्टिना या जुन्या शहरात चोरांनी उकरलेलं एक प्राचीन घर नीट खणलं. जमिनीत दोन खड्डे मिळाले, आणि 1978 सालचं 100 लिराचं नाणं. बहुधा उकरणाऱ्याच्याच खिशातून पडलेलं! इ.स.पू. 211 मध्ये रोमनांनी ते शहर घेतलं, त्या धामधुमीत घरच्यांनी ही भांडी दडवली असावीत. 2010 मध्ये ती इटलीला परत गेली. दोन रिकामे खड्डे सापडले म्हणून त्या चांदीला पुन्हा घर मिळालं.

सगळ्यांचं तसं होत नाही. इराणमधल्या कालमाकारेह गुहेतला म्हणून सांगितला जाणारा, ग्रिफिनच्या (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेल्या काल्पनिक प्राण्याच्या) आकाराचा चांदीचा एक पेला 2000 मध्ये अमेरिकेत नेला, तेव्हा कागदावर सीरियाचा माल असं लिहिलं होतं. 2013 मध्ये तो इराणला परत दिला. पण तो मुळात बनावटच आहे असं म्हणणारे जाणकारही आहेत. आता ठरवायचं कशावरून? गुहा तर कधीच लुटली गेली.

आपल्या शेजारचंच बघा. 1870 मध्ये आजच्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरियाला, गुराखी पोरांना जमिनीत साठा सापडला. तांब्याच्या 424 वस्तू आणि चांदीचे 102 पातळ पत्रे, काही बैलाच्या डोक्यासारखे. ती चांदी त्याच आठवड्यात एखाद्या सोनाराच्या मुशीत गेली असती, तर उरलेलं तांबं पाहून कुणाच्या मनातही आलं नसतं की त्याच्यासोबत चांदी होती.

1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा निधी, म्हणजे जमिनीत पुरलेलं धन, सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. मालक कुणी ठरला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनवाल्याचा. सरकारला वस्तू हवी असेल तर किंमत मोजून घ्यावी लागते. गावात हे कुणी सांगत नाही. पोलिस येतील, वावर जाईल, हीच भीती. अन् गुप्तधनाच्या नादी लावणारे बुवा आहेतच. कास्तकाराला मी दोष देत नाही. दोष आपला, घेणाऱ्यांचा आहे. माती लागलेला माल आपण जास्त भावानं घेतो, म्हणून रात्री टेकड्या उकरल्या जातात. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये स्तूप उजेडात आला, तो थर-थर मोजून खणला म्हणून.

त्या पोराला मी हेच फोनवर सांगितलं. वाटी कापसात ठेव, जागेचा फोटो काढ, आपण दोघं तहसीलला जाऊ, मी सोबत येतो. तो गप्प राहिला.

आज सकाळी त्याचा मेसेज आला: "काका, माती धुवू का?"

मी लिहिलं, नको.