तहहयात राष्ट्राध्यक्ष व्हायचंय? आधी घटना पाठ करा

देश खिशात घालायचाय आणि तुम्ही अजून रणगाडे मोजत बसलात? म्हणजे तुमचा अभ्यास अगदीच कच्चा. लष्कराच्या चार गाड्या पुरतात, त्याही फक्त संसदेच्या दारात उभ्या करायला. खरं भांडवल म्हणजे घटनेचं पुस्तक. ट्युनिशियाचे कैस सईद बघा. आयुष्यभर विद्यापीठात घटनात्मक कायदा शिकवला आणि २०१९ साली पाठीशी पक्ष नसताना ७२ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. पुढचं सगळं सरांनी पुस्तक उघडं ठेवून केलं.

पहिली गोष्ट, घाई नको. आधी लोकांना लोकशाहीचा वीट येऊ द्या. २०११ मध्ये ट्युनिशियाचे हुकूमशहा बेन अली सौदीला पळाले, २०१४ ला नवी घटना आली, २०१५ ला तिथल्या चार संघटनांना शांततेचं नोबेल मिळालं. पण नोबेलनं बेकारी हटत नाही, आणि संसदेतले पुढारी एकमेकांच्या झिंज्या उपटण्यात गुंग. त्यात कोरोना. अशा वेळी तुम्ही पुढं झालात की लोक रस्त्यावर उतरतील. घाबरू नका, ते नाचायला आलेले असतात.

मुहूर्त प्रजासत्ताक दिनाचाच धरावा. ट्युनिशियात तो २५ जुलैला. २०२१ साली त्या रात्री सरांनी घटनेतलं कलम ८० काढलं. त्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं की आणीबाणीच्या काळात संसदेचं अधिवेशन अखंड चालू आहे असं मानावं. सरांनी त्याच कलमाखाली संसद बंद केली. ऐंशीच्या घरातले सभापती राशेद घन्नुशी त्या रात्री फाटकापाशी आले. आत जवान, बाहेर सभापती. जवानांनी काही दार उघडलं नाही. दाद मागायची तर घटना न्यायालयात, आणि ते न्यायालय सात वर्षांत स्थापनच झालं नव्हतं, कारण न्यायाधीशांच्या नावांवर पक्षांचं एकमत होईना. तेव्हा विरोधकांना कधी कमी लेखू नका. तुमचं निम्मं काम तेच करून ठेवतात.

मग नवी घटना. मसुद्यासाठी समिती नेमा, तिच्यावर आपल्याच क्षेत्रातले नावाजलेले प्राध्यापक बसवा, आणि छापताना स्वतःचा मसुदा छापा. समितीचे प्रमुख सादोक बेलईद यांनी ‘हा आमचा मसुदा नव्हेच’ असं जाहीर सांगितलं. सांगू द्यावं. २०२२ च्या सार्वमतात ९४ टक्क्यांहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. मतदानाला आले जेमतेम तीस टक्के, पण टक्के नेहमी आलेल्यांतूनच काढायचे असतात. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेची निवडणूक झाली, तेव्हा तर अकरा टक्क्यांच्या आसपासच फिरकले. मतदान केंद्रावर रांग नाही, रेटारेटी नाही. मतदाराची केवढी सोय!

इजिप्तचा धडाही गिरवण्यासारखा. २०१८ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष सिसींसमोर उभा राहिलेला एकमेव उमेदवार आधी सिसींचाच प्रचारक होता. त्याला जेवढी मतं पडली, त्याहून कितीतरी जास्त मतं बाद झाली. प्रतिस्पर्धी असा निवडावा.

न्यायाधीश नडले तर? सरांनी ५७ जणांना एका फटक्यात घरी बसवलं. पत्रकार नडले तर खोट्या बातमीसाठी पाच वर्षांच्या कैदेचा फतवा काढावा. खोटी कुठली ते आपण ठरवायचं. २०२४ च्या निवडणुकीत प्रशासकीय न्यायालयानं तीन उमेदवारांना परत घ्या म्हटलं. निवडणूक आयोगानं ऐकलं नाही, आणि मतदानाला आठवडा-दीड आठवडा उरला असताना संसदेनं त्या न्यायालयाचा अधिकारच काढून घेतला. उरलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक तुरुंगात होता. सर ९० टक्क्यांवर मतं घेऊन पास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परदेशी पाहुणा विचारेलच, हे असं का? तेव्हा मान तिरकी करून म्हणावं, ‘आमच्या मुसलमान समाजाला लोकशाही मानवत नाही हो.’ पाहुणा लगेच डोलतो, कारण त्यालाही तेच ऐकायचं असतं. वर सांगितलेल्यात धर्म कुठं होता, हे तो विचारत नाही. २०१४ च्या जानेवारीत ट्युनिशियातल्या धर्मवादी एन्नाहदा पक्षानं वाटाघाटीनं सत्ता सोडली होती, हे आपण होऊन सांगू नये. आपल्याकडेही १९७५ ला आणीबाणी कलमाबरहुकूमच आली होती. तेव्हा हिंदूंना लोकशाही झेपत नाही असा शोध कुणी लावल्याचं ऐकिवात नाही.

आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचा विषय निघाला तर चहा मागवा. नव्वद टक्क्यांहून जास्त मुसलमान, आणि २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी निवडणूक पुढं ढकलली तर घटना परिषदेनं तो निर्णयच रद्द केला. मतदानाच्या दहा दिवस आधी तुरुंगातून सुटलेला विरोधी उमेदवार बासिरू फाय पहिल्याच फेरीत जिंकला. असली उदाहरणं धंद्याला मारक.

बाकी पाहुण्यांची फार काळजी नको. जुलै २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या प्रमुख बाई आणि इटली, नेदरलँड्सचे पंतप्रधान राजधानी ट्युनिसला येऊन करार करून गेले. समुद्रातून येणारी माणसं अडवायची, त्यासाठी साडेदहा कोटी युरो. तोवर घन्नुशी तुरुंगात होते. पुढं सरांनी सहा कोटी युरो ‘आम्ही भीक घेत नाही’ म्हणून परत पाठवले. तुम्हाला एवढा ताठा जमणार नसेल तर गुपचूप ठेवून घ्या; पावती मात्र मागू नका.