ट्रकवाल्यांच्या नादाला

"शनिवारी ट्रकवाल्यांबरोबर जातोय," असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा अण्णांनी चहाची कपबशी खाली ठेवल्याचा आवाज साताऱ्याहून थेट डेन्व्हरपर्यंत आला.

"नोकरी गेली का?" त्यांनी विचारलं.

चूक माझीच. अमेरिकेत ट्रक म्हणजे पुढे पाच माणसं ऐसपैस बसतील आणि मागे उघडा हौदा असेल अशी पिकअप. डॉक्टर, वकील, शिक्षक, कुणाच्याही दारात असते आणि हौद्यात बहुतेक वेळा काहीही नसतं. पण अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. त्यातली बरीच वर्षं वाई आगारात. त्यांच्या लेखी ट्रक म्हणजे पसरणी घाटात ऐन वळणावर समोरून येणारा, लाइट डिपर न करणारा, जन्मोजन्मीचा वैरी.

मी समजावून सांगितलं. हे सगळे पगारदार लोक आहेत, गाड्या त्यांच्या स्वतःच्या आहेत, आणि आम्ही डोंगरात बर्फातून गाड्या चालवायला जाणार आहोत.

"रस्ता बंद हाय का?"

"नाही अण्णा. रस्ता चालू आहे. आम्ही त्यावरून जाणार नाही."

पलीकडून जी शांतता आली, तशी मी बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच ऐकली.

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ गेलं वर्षभर मागे लागला होता आणि मी सणवार पुढे करून निसटत होतो. गणपती, नवरात्र, दिवाळी, अगदी चंपाषष्ठीसुद्धा मी त्याला मोठ्या सणासारखी रंगवून सांगितली. पण जानेवारीत संक्रांत झाली आणि माझ्याकडचे सण संपले. बायकोने दोन अटी घातल्या. एक, आपली गाडी न्यायची नाही, कारण तिचे छत्तीस हप्ते बाकी आहेत. दोन, तिळगुळाचे उरलेले लाडू त्या लोकांत संपवून यायचे. लाडवांचा डबा तिने बासमतीच्या रिकाम्या पिशवीत घालून दिला. इकडे वीस पौंडी तांदूळ तागाच्या पिशवीत येतो, तिला चेन असते, वर धरायला बंद असतात. आमच्याकडे अशा चौदा पिशव्या आहेत. टाकवत नाहीत.

पहाटे साडेपाचला निघालो. शनिवारी सकाळी आय-७० या महामार्गावर निम्मं डेन्व्हर स्कीइंगला निघालेलं असतं, त्यामुळे थोडा वेळ तरी वाटलं की आपण शहाण्या माणसांत आहोत. मग आयडाहो स्प्रिंग्जला आम्ही त्या गर्दीतून बाहेर पडलो आणि तो गैरसमज दूर झाला. हे गाव साडेसात हजार फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांवर, आणि तिथं आम्ही स्वेटर घालून स्ट्रॉबेरी खाताना 'काय थंडी आहे' म्हणायचो. याच गावापाशी १८५९ च्या जानेवारीत जॉर्ज जॅक्सन नावाच्या माणसाला सोनं सापडलं. जमीन गोठलेली होती म्हणून त्याने तिच्यावर विस्तव पेटवला, ती मऊ केली आणि मग खणली. म्हणजे तो भर हिवाळ्यात इथं का कडमडला होता हे तरी समजतं.

गावाच्या टोकाला सात ट्रक उभे होते. उणे पंधरा सेल्सियस. माणसं मात्र लग्नघरासारखी आनंदात. नावं सांगत नाही, कारण मी त्यांना मनातल्या मनात जी नावं दिली तीच जास्त खरी होती. म्होरक्या होता तो पाटील. रेडिओवर अखंड बोलणारा होता तो कीर्तनकार. आणि सगळ्यात जुनी, सगळ्यात मळकी टोयोटा घेऊन आलेल्या एक साठी उलटलेल्या बाई होत्या, रिटायर्ड नर्स. त्या मावशी.

देवगड हापूस खरा की रत्नागिरी, यावर आपल्याकडे जितक्या पोटतिडकीने बोलतात, तितक्याच पोटतिडकीने हे लोक टायरवर बोलतात. फोर्डवाले आणि टोयोटावाले एकमेकांच्या घरी मुली देत नसावेत. माझ्या ऑफिसातल्या शेजाऱ्याने मला टायरची नक्षी बोट फिरवून दाखवली आणि विचारलं, "काय वाटतं?" स्थळ पाहायला गेल्यावर काकूंनी चिवड्याची बशी पुढे करून जसं विचारावं, तसं. मी म्हणालो, "छान आहे. घरी केलंय?" तो हसला नाही.

मग पाटलांनी सूचना दिल्या. कुणीही एकटं पुढे जायचं नाही. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की थांबायचं. म्हणजे प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची काळजी घ्यायची, आणि तेवढ्यावर सात गाड्यांची माळ तुटत नाही. हे मला फार आवडलं. आणि ट्रेलर जोडायचा जो गोळा मागे असतो, त्याला ओढायची दोरी कधीही अडकवायची नाही. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो आणि काचेतून आत येतो. हे मला आवडलं नाही.

त्यानंतर सगळेजण खाली बसले आणि आपापल्या टायरमधली हवा सोडू लागले.

मुद्दाम! पस्तीसवरून थेट पंधरावर. सातवीत असताना मी मास्तरांच्या सायकलची हवा सोडली होती तेव्हा शाळेत छड्या आणि घरी त्याचं व्याज मिळालं होतं. इथं डोक्यावर दिवे बांधलेली प्रतिष्ठित माणसं तेच करत होती, आणि वर पितळी मापं लावून एकमेकांना आकडे सांगत होती. कारण असं की हवा कमी केली की टायर खाली पसरतो, लांबट होतो, गाडीचं वजन जास्त बर्फावर वाटलं जातं आणि चाक खाली न जाता वरवर तरंगतं. उंटाचा पाय वाळूत जसा पसरतो तसं. पटलं. पण हवा सुटण्याचा तो सुस्स आवाज ऐकून माझे तळहात अजून झिणझिणतात.

निघालो. पाइनचं जंगल, मधून गाडीभर रुंद पांढरी पट्टी, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे दरी. इकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे दरी माझ्या वाट्याला. पाहुण्याला खिडकीची जागा द्यायची पद्धत असावी.

चढ वाढला तशी गाडी एका बाजूला घसरू लागली. चार चाकांपैकी एकच चाक गरागरा फिरायचं, बाकीची ढिम्म. शेजारी म्हणाला, हा डिफरेन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांत वाटणाऱ्या भागाचा गुण. ते त्याने मला इंजिनीअरच्या भाषेत समजावलं. माझ्या डोक्यात ते आमच्या चुलत आजोबांच्या रूपाने शिरलं. चार मुलगे. तिघे जमिनीवर पाय रोवून उभे आणि एक हवेत. आजोबांचा सगळा पैसा त्या हवेतल्याकडे, कारण त्याच्याकडून विरोध म्हणून नाही! तो गरागरा फिरतोय, घर जागच्या जागी. यावरचा उपाय म्हणजे लॉक. बटण दाबलं की डावं-उजवं अशी दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, एक फिरलं तर दुसऱ्याने फिरलंच पाहिजे. शेजाऱ्याने बटण दाबलं, गाडी सरळ झाली. आमच्या आजोबांना हे बटण कुणी दाखवलं असतं तर ओढ्याकाठची दोन एकर राहिली असती.

साधारण दहा हजार फुटांवर, एका वळणावर, आमचं मागचं चाक दाबलेल्या वाटेवरून डोंगराकडच्या भुसभुशीत बर्फात गेलं. गाडी अलगद खाली बसली. पोट बर्फावर टेकलं आणि चाकं अधांतरी. म्हैस डबक्यात बसते तेव्हा तिच्या तोंडावर जो भाव असतो, तो गाडीच्या पुढच्या जाळीवर स्पष्ट दिसत होता.

आणि रेडिओवरून टाळ्या! लोक गाड्यांतून धावत बाहेर आले, आपापली फावडी घेऊन, कॅमेरे घेऊन. ज्याची गाडी रुतली त्याचं अभिनंदन झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही मंडळी वर कुठं पोचायला निघालेलीच नव्हती. रुतायलाच आली होती. मागच्या हौद्यात हजारो डॉलरची सामग्री भरायची, आणि ती वापरायला मिळावी म्हणून देवाला गाऱ्हाणं घालत डोंगर चढायचा.

मी फावडं घेतलं. पाच फावडी बर्फ काढला आणि त्या विरळ हवेत भात्यासारखा धापू लागलो. चाकाखाली घालायच्या खाचेदार पट्ट्या शेवटच्या गाडीत होत्या आणि ती वळणापलीकडे होती. त्या येईपर्यंत मला एसटीतलं बालपण आठवलं. चिखलात बस रुतली की अण्णा चाकाखाली बारदान घालायचे. मी मोठ्या ऐटीत लाडवांचा डबा बाहेर काढला, बासमतीची पिशवी झटकली आणि चाकापुढे खोचली. सगळे कौतुकाने पाहत होते. 'भारतात असं करतात,' असंही मी म्हणालो. नको होतं म्हणायला.

शेजाऱ्याने एक्सलरेटर दिला. चाकाने पिशवी आत ओढली, क्षणभर चघळली आणि मागच्या बाजूने अशी फेकली की ती कीर्तनकाराच्या टोपीवरून जाऊन पाइनच्या फांदीवर, बारा-पंधरा फुटांवर, वाळत घातल्यासारखी बसली. गाडी तसूभर हलली नाही. कीर्तनकार सकाळपासून पहिल्यांदाच गप्प होता.

शेवटी मावशी गाडी रिव्हर्स घेत आल्या. त्यांच्याकडे मनगटाएवढी जाड नायलॉनची दोरी. ही दोरी ताणली की रबरासारखी लांबते. सगळ्यांना लांब उभं केलं. मावशींची टोयोटा थोडी पळाली, दोरी लांबली, लांबत राहिली, टोयोटा पुढे आणि आम्ही तिथंच, आणि मग त्या साठवलेल्या ओढीने आमची गाडी बर्फातून हळूच वर उचलली गेली. धक्का नाही, आवाज नाही. साईवरून चमचा फिरवावा तसं. मावशी खाली उतरल्या, दोरी गुंडाळली आणि विचारलं, "त्या डब्यात काय आहे?"

लाडू होते. होते म्हणजे, सकाळी लाडू होते. चिक्कीच्या गुळाचा लाडू उणे पंधराला पाच तास ठेवला की त्याचं काय होतं हे पाकशास्त्राच्या पुस्तकात दिलेलं नाही. पाटलांनी एक दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि परत डब्यात ठेवला. मावशींनी तो हौद्याच्या फळीवर ठेवून शॅकलने, म्हणजे दोरी अडकवायच्या लोखंडी कडीने, फोडला. सगळ्यांनी तुकडे गालात धरले आणि अर्धा तास कुणालाही बोलता येईना. तिळगूळ घ्या, गोड बोला. निम्मं जमलं.

मी म्हणालो, चला. पाटील म्हणाले, थांब. आणि बोट वर केलं.

जंगलात काहीही मागे ठेवून जायचं नाही हा त्यांचा नियम. मी म्हणालो, ताग आहे, कुजेल. पाटील म्हणाले, चेन कुजणार नाही. तेव्हा चार लोकांनी मला ट्रकच्या टपावर चढवलं, हातात फावडं दिलं, आणि मी त्या फांदीला ढोसू लागलो. तिसऱ्या ढोशीला पिशवी सुटली. तिच्या आधी फांदीवरचा दोन महिन्यांचा बर्फ सुटला, आणि माझ्या कॉलरमधून चारही थरांच्या आत, अगदी बनियनपर्यंत पोचला. जिथं उष्णता म्हणून थोडी शिल्लक होती, ती एकमेव जागा.

खाली आल्यावर अठ्ठावीस टायरमध्ये परत हवा भरली. ते वर्णन करत नाही.

रात्री आठला घरी येऊन अण्णांना व्हिडिओ पाठवला. तिकडे सकाळचे साडेआठ. त्यांनी तो चष्मा लावून तीनदा पाहिला.

"शीट किती होती?"

"चौदा."

"चौदा शिटांना सात गाड्या. आन् पोचला का टायमात?"

"कुठं?"

"जिथं जायचं हुतं तिथं."

"तसं कुठं जायचं नव्हतं, अण्णा."

त्यांनी पुन्हा व्हिडिओ लावला असावा, कारण मागून माझाच 'भारतात असं करतात' हा आवाज ऐकू आला. मी डोळे मिटले.

"बारदान भिजवून घालत्यात," अण्णा म्हणाले. "कोरडं घातलं की उडतंय." मग जरा थांबून, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "ती लांबणारी दोरी केवढ्याला पडती रं?"