सारखं ओतलं म्हणून उदासीन होत नाही

“आम्ल आणि आम्लारी सारख्या मापाने मिसळा. क्षार आणि पाणी तयार होतं, सामू बरोबर ७ येतो. म्हणून अंगावर आम्ल सांडलं की त्यावर लगेच सोडा चोळा.” असा मजकूर सध्या फिरतोय. सुरुवात पाठ्यपुस्तकासारखी आहे, म्हणून शेवटही खरा वाटतो. (आम्लारी म्हणजे बेस, क्षार म्हणजे सॉल्ट, सामू म्हणजे pH: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी.)

“सारख्या मापाने.” माप कशाचं? ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल; मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या) सल्फ्युरिक आम्ल १० मिली घ्या, त्यात ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलीच ओता. निळा लिटमस तरीही लाल होईल, सामू २ च्याही खाली असेल. कारण समीकरणातच आहे:

सल्फ्युरिक आम्ल + २ सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम सल्फेट + २ पाणी

आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) देतो, त्यांना हायड्रॉक्साइडही दोन लागतात. वजनात सांगायचं तर ९८ ग्रॅम आम्लाला ८० ग्रॅम आम्लारी. डावीकडचा २ गाळलात तर सोडियम डावीकडे एक आणि उजवीकडे दोन. (आणि हिशेब जुळवायला पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ घालू नका. ते मग पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं!)

“क्षार आणि पाणी.” बहुतेकदा हो. पण अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू भेटले की अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर उठतो. पाणी तयारच होत नाही.

“सामू बरोबर ७.” आम्ल आणि आम्लारी दोन्ही तीव्र (पाण्यात पूर्णपणे आयनांत फुटणारी) असतील तर, तेही २५ अंश सेल्सिअसला. ०.१ मोलार ॲसेटिक या सौम्य आम्लात तितकंच, त्याच संहतीचं (म्हणजे ०.१ मोलार) सोडियम हायड्रॉक्साइड घातलं तर सामू ८.७ च्या आसपास येतो. ॲसेटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो, हायड्रॉक्साइड मागे उरतो. म्हणून तर या अनुमापनात (थोडं थोडं मिसळून प्रमाण मोजताना) फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक वापरतात. मिथिल ऑरेंज या दुसऱ्या दर्शकाचा रंग फार आधीच बदलून जातो.

राहिला सोडा. कोणता, ते मजकुरात नाही. कॉस्टिक सोडा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच) असेल तर तो स्वतःच कातडी जाळतो. शिवाय या अभिक्रियेत एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोजूल उष्णता निघते, एक लिटर पाणी सुमारे साडेतेरा अंशांनी तापवण्याइतकी. खाण्याचा सोडा इतका घातक नाही, पण तो शोधून चोळेपर्यंत आम्लाचं काम चालूच असतं. टेबलावर सांडलेल्या आम्लावर तो खुशाल टाका. अंगावर सांडलं तर आम्ल लागलेले कपडे काढा, तो भाग किमान २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांकडे जा.