खुलासा: ‘सिक्सपेन्स नन द रिचर’ हा बँड ‘किस मी’ गाण्यामुळे फुटला नाही

एक मेसेज फिरतोय: ‘किस मी’ गायल्याबद्दल चर्चने बहिष्कार टाकला आणि टेक्ससचा हा ख्रिस्ती रॉक बँड लगेच मोडला. हे खरं नाही. सालंच पाहा ना. गाणं १९९९ मध्ये बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या) यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. बँड थांबला २००४ मध्ये. मधे २००२ साली ‘डिव्हाइन डिस्कंटेंट’ हा अल्बमही आला.

त्यांना मोठा फटका बसला तो रेकॉर्ड कंपन्यांमुळे. सुरुवातीची छोटी स्वतंत्र कंपनी आर.ई.एक्स. बुडाली. पुढे ज्या ‘स्क्विंट’ कंपनीमुळे ते जगभर पोचले, तीही डबघाईला आली आणि नवा अल्बम रखडला. मॅट स्लोकमचं गीतलेखन आणि ली नॅशचा आवाज ऐन बहरात असताना हे झालं, याचं फार वाईट वाटतं.

आणि बँड कायमचा संपला, हेही चूक. २००७ मध्ये स्लोकम आणि नॅश पुन्हा एकत्र आले, २०१२ मध्ये नवा अल्बम काढला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आधीच टाकला असेल, तर त्याखाली ही सालं लिहा.