चित्रं जमवा, कुलूप लावा

जळगावात हातात चार पैसे खुळखुळायला लागले की माणूस सराफ बाजारात जातो, नाहीतर केळीला ठिबक करतो, नाहीतर हायवेला लागून एखादा प्लॉट बघून ठेवतो. तुम्ही यातलं काहीच केलं नाही. तुम्ही रात्री अडीच वाजता परदेशी लिलावात बोली लावून एका कार्टूनपटातल्या, अर्धवट डोळा मिटलेल्या कोल्ह्याचं पेन्सिलचित्र चौदा हजारांना घेतलंत. अभिनंदन! आता माघार नाही, तेव्हा पुढचं तरी नीट करा.

आधी बोलणं सुधारा. ‘कार्टूनचं चित्र’ म्हणू नका, ‘ओरिजिनल प्रॉडक्शन ड्रॉइंग’ म्हणा. कोणी विचारलंच तर त्याला कागदाच्या काठावरची तीन भोकं दाखवा. मधलं गोल, बाजूची दोन लांबट. ही भोकं खुंट्यांवर बसवली की एकावर एक कागद तंतोतंत येतो, म्हणून चित्रकाराचा कोल्हा नाचला तरी जागेवरच नाचतो. निळ्या पेन्सिलीची कच्ची रेघ, तिच्यावर काळी पक्की रेघ, कोपऱ्यात चित्राचा नंबर, हे सगळं दाखवा. नंतर हिशेब सांगा. सिनेमाच्या एका सेकंदात 24 चौकटी. एक चित्र दोन चौकटी वापरलं तरी सेकंदाला 12 चित्रं, मिनिटाला 720. म्हणजे तुमचं चित्र पडद्यावर एका सेकंदाचा बारावा भाग दिसलं आणि गेलं. चौदा हजार भागिले बारावा भाग, असला हिशेब बायकोसमोर करू नका.

‘सेल’ही घ्या. सेल म्हणजे रिमोटमधला नव्हे आणि दिवाळीतलाही नव्हे. पारदर्शक प्लास्टिकचा तो तक्ता, ज्याच्या पुढून रेघ आणि मागून रंग भरलेला असतो, आणि जो कॅमेऱ्याखाली ठेवून सिनेमाची चौकट टिपायचे. एके काळी स्टुडिओवाले सेल धुऊन पुसून पुन्हा वापरायचे. 1955 साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथल्या दुकानात खरे सेल चार-दोन डॉलरांत पर्यटकांना विकले जात. ही माहिती जरूर वाचा, पण रात्री झोपण्यापूर्वी नको. आणि ‘सेरिसेल’ नावाचा प्रकार भेटला तर सावध. तो छापलेला असतो, कॅमेऱ्याखाली कधी गेलेलाच नसतो. सोबतचं प्रमाणपत्र मात्र चित्रापेक्षा देखणं असतं.

पार्सल शक्यतो दुपारी मागवा, घरचे झोपलेले असतात. तरी धुळ्याची मावशी जागी असतेच.

“हाई काय शे, भाऊ?”

“चित्र शे, मावशी.”

“कितलाले लिधं?”

“दीडशेले.”

“दीडशे? याना डोया बी मिटेल शे!”

इथे वाद घालू नये. तिचं निरीक्षण बरोबर असतं.

आता खरा मुद्दा, जपणूक. खान्देशाइतकी या छंदाला सोयीची जागा दुसरी नसेल. जुने सेल नायट्रेटचे, ते पेट घेतात. नंतरचे अ‍ॅसिटेटचे, ते पेटत नाहीत, नासतात. उष्णता आणि दमट हवा मिळाली की त्यांतून अ‍ॅसेटिक आम्ल सुटायला लागतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते सुटलं की शेजारच्या सेललाही लागण होते. उष्णता म्हणाल तर मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असतोच. ओलाव्याची कमी आपण पत्र्याच्या कूलरने भरून काढतो. खिडकीत कूलर, कूलरमध्ये गवत, गवतावर पाणी, आणि ती गारेगार ओली हवा सरळ कपाटाच्या दारावर. परदेशी जाणकार म्हणतात, हवा थंड आणि कोरडी ठेवा. आपल्याकडे दोन्ही एकदम मिळत नाहीत. कूलर बंद केला तर सेल भाजतो, चालू केला तर आंबतो. एके दिवशी आई कपाट उघडून म्हणते, “लोणचं सांडलं की काय रे इथे?” तेव्हा समजावं, संग्रह पिकू लागला.

ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका, प्रत्येक कागद आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळा, आणि मुख्य म्हणजे अंधार ठेवा. उजेडाने रंग उडतो. बघण्याने रंग उडत नाही, पण धोका कशाला पत्करायचा?

जपणुकीची परंपरा आपल्या भागात जुनी आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्या नकला विलायतेला पाठवल्या, आणि 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिलसाहेब भुसावळात पुरलेले आहेत. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून पुन्हा नकला केल्या, पुन्हा विलायतेला पाठवल्या, 1885 मध्ये पुन्हा आग. 1896-97 मध्ये ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, तो आज जमवणाऱ्यांच्या स्वप्नात येतो. मूळ लेणी फर्दापूरला एसटीने उतरून बघता येतात, पण ती जमवता येत नाहीत, हा त्यांचा दोष.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचा मात्र आदर्श ठेवू नका. त्यांनी कित्येक दशकं स्वतःला घरात कोंडून घेतलं आणि मागे ठेवलेल्या वस्तू आता कुणीही जाऊन बघतं. तुम्ही उलट करा. स्वतः गावभर हिंडा, चित्रं कोंडा.

आर्टबुकांबद्दल, म्हणजे अशा चित्रांच्या छापील पुस्तकांबद्दल, थोडक्यात. दोन प्रती घ्या, एक प्लास्टिकमधून न काढण्यासाठी आणि दुसरी तिच्यासोबत ठेवण्यासाठी. बरीच जपानी पुस्तकं उजवीकडून उघडतात, म्हणजे उघडली तर. चार किलोचा ग्रंथ दिसला की आई बिबड्यांच्या पापडांवर दाबायला मागते. देऊ नका, जरी त्या पुस्तकाचा तेवढाच उपयोग झाला असता.

आणि कूलरवाल्यावर लक्ष ठेवा. परवा मोटर बदलायला आलेला पोरगा, मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात, टेबलावरची फाईल उघडून बसला. एकाच शॉटची लागोपाठची पाच चित्रं होती, नंबराप्रमाणे लावलेली. त्याने ती पत्त्यांच्या जोडासारखी डाव्या हातात धरली आणि अंगठ्याने फर्रकन सोडली. अंगठ्याला ग्रीस. मी ओरडणार, तोच तो म्हणाला, “अरे भाऊ, हा तर डोळा मारतो!”

तीन वर्षं चित्रं माझ्याकडे आहेत. मला वाटत होतं, कोल्ह्याला झोप येतेय.

त्याने आणखी दोनदा सोडून बघितली, हसला, मोटरचे साडेतीनशे घेतले आणि जिन्यावरून मागे वळून विचारलं, “अजून आहेत का अशी?”

अशा वेळी ठाम राहावं. “नाही रे, एवढीच,” असं सांगावं आणि किल्ली कुठे ठेवली ते आठवावं.