आठशे तीन पूर्णांक सहा

माझं उघडं पोट सध्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचा डीपी आहे. काढ म्हणून सांगितलं, तर निल्या म्हणतो, "चेहरा कुठे दिसतोय? कोणाला कळतंय?" कळतंय ना. खाली त्यानंच माझं नाव टाकलंय, वर दोन हसणाऱ्या बाहुल्या.

चेहरा दिसत नाही, कारण तो टी-शर्टाच्या आत आहे. टी-शर्ट निल्यानंच छापून आणले. छातीवर वरच्या ओळीत 'भीती गेली', खालच्या ओळीत 'पाण्यात'. किंमत साडेतीनशे, माप सरसकट डबल एक्सेल, कारण एकाच मापाचे घेतले की स्वस्त पडतात. आणि घालणं सक्तीचं. आमच्यातला बारका पश्या तो घालून उभा राहिला तेव्हा त्याला खाली चड्डी आहे की नाही, हे विचारावं लागलं.

कोलाडला सकाळी राफ्टिंग आणि दुपारी रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कातळ उतरणं, असा बेत होता. माझा जलप्रवास ठाण्याच्या तलावपाळीच्या पायडल बोटीपुढे कधी गेलेला नाही, आणि तिथेही मी पायडल दुसऱ्याला मारायला लावतो. पहाटे चारला तीन हात नाक्यावर जमायचं फर्मान निघालं, कारण म्हणे नदीला पाणी सकाळीच असतं. माझी आपली समजूत, की नदीला पाणी दिवसभर असतं. ही समजूत काकांनी दूर केली. त्या दिवशी काकांनी माझ्या सगळ्याच समजुती दूर केल्या.

काका नेरूळचे, वीज मंडळातून निवृत्त. पुतण्याच्या ऑफिसच्या टोळीबरोबर आलेले. त्यांच्या राफ्टमध्ये एक माणूस जास्त होत होता आणि आमच्यात एक जागा रिकामी होती. पुतण्यानं काकांना इतक्या तत्परतेनं आमच्याकडे सोडलं, तेव्हाच खरं म्हणजे शंका यायला हवी होती. काकांनी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, माझ्या शेजारी बसले, आणि नदीकडे बोट करून म्हणाले, "ही नदी नाही."

"मग काय आहे?"

"वीज. वापरलेली."

गाइड विशीतला पोरगा. तो पुढे उभा राहून हुकूम समजावत होता. फॉरवर्ड म्हटलं की पुढे वल्हवायचं, बॅक म्हटलं की उलटं, गेट डाऊन म्हटलं की राफ्टच्या तळाशी बसून दोर धरायचा. ऐकत आम्ही सगळेच होतो. काकांच्या कडेला बसल्यामुळे मी मात्र दुसरंच काहीतरी ऐकत होतो.

"हे पाणी मुळशीचं. मूळचं मुळा नदीचं. देवानं त्याला उतार दिला पूर्वेला. मुळा, मग भीमा, मग कृष्णा, की थेट बंगालचा उपसागर. टाटांनी धरण बांधून ते अडवलं, घाटाच्या या अंगाला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या टर्बाइनवर आणून आपटलं. १९२७ साली. वीज झाली की पाणी खाली सोडतात, तेच कुंडलिकेला येतं. निघालं होतं बंगालला, पोचतं रेवदंड्याला! रोजचं पाणी सुटलं की तुमचं राफ्टिंग. नाही सुटलं की दगड मोजा."

"म्हणजे आम्ही रात्री एसी लावले, त्याचं हे पाणी?"

"तुम्ही नाही हो, ठाणेकर. तुम्हाला आमची वीज. ही मुंबईची."

एसी मुंबईकरांनी लावायचे आणि बुडायचं ठाणेकरांनी. हे काही आजचं नाही म्हणा.

कुंडलिकेचे रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतले. एकूण श्रेण्या सहा, म्हणजे ही तशी बालवाडी. पण बालवाडीतही पोरं रडतातच. पहिला रॅपिड समोर आला, गाइड ओरडला, "फॉरवर्ड!" आणि नेमके त्याच वेळी काका १९२१ सालात शिरले.

"मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला..."

"फॉरवर्ड! फॉरवर्ड!"

"...सेनापती बापट त्याचे पुढारी..."

लाट आली. काकांच्या तोंडातलं वाक्य माझ्या तोंडात पाण्यासकट आलं. मी खोकून वर बघतो तर काका वल्हं आडवं धरून, गाइडकडे पाठ करून, ठणठणीत. "सेनापती ही पदवी त्यांना त्या लढ्यातच मिळाली. पण धरण झालंच. भात पिकवणारी गावं पाण्याखाली गेली आणि दिवे लागले मुंबईत. त्या लोकांना काय मिळालं?" हे विचारताना त्यांचा आवाज बदलला होता. पाच माणसं वल्हवायची थांबली. मग राफ्ट आडवी होऊन दगडावर बसली आणि गाइडनं आमच्याबद्दल त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं.

पुढे संथ पाण्यात सगळ्यांना उड्या मारायला सांगतात. मी मुद्दाम काकांपासून लांब उडी मारली. पाच मिनिटांनी डोळे उघडले तर शेजारी काका उताणे तरंगतायत, पाय पुढे, हात पोटावर. "रावळजे धरण सांगायचं राहिलं."

असो. रॅपलिंग.

कॅम्पच्या मागे साठेक फुटांचा कातळ. कमरेला हार्नेस, हार्नेसला कॅराबिनर, कॅराबिनरला आठाच्या आकड्याची एक धातूची कडी, कडीतून दोर. वर एक इन्स्ट्रक्टर, खाली दोर धरून दुसरा. त्यानं तो ताणला की माणूस जिथल्या तिथे थांबतो. हेल्मेट घट्ट केलं, बूट बघितले, घड्याळ काढायला लावलं. त्याआधी आम्ही तीन पानी फॉर्मवर सह्या केल्याच होत्या. पाय मोडला तर कंपनी जबाबदार नाही, डोकं फुटलं तर नाही, मी दगावलो तर नाही, साप चावला तर तर नाहीच नाही. इतक्या दूरदृष्टीच्या माणसांना 'टी-शर्ट आत खोचा' हे चार शब्द सांगायला कुठलं पान कमी पडलं, ते मला अजून कळलेलं नाही.

निम्म्यात आलो आणि टी-शर्टाचं टोक दोराबरोबर कडीत गेलं. मी खाली चाललो होतो आणि टी-शर्ट वर. अर्धा फूट कापड आत ओढलं गेलं, दोर अडकला आणि मी खुंटीवरच्या पिशवीसारखा लोंबकळत राहिलो. उरलेला टी-शर्ट तोंडावर आला. डबल एक्सेल असल्यामुळे भरपूर आला.

वरचा ओरडला, "हात सोडू नका." निल्या खालून ओरडला, "हलू नकोस, फोटो चांगला येतोय." आणि मग तो ओळखीचा, शांत, निवृत्त आवाज.

"ठाणेकर, घाबरू नका! हे घर्षण आहे!"

मी टी-शर्टाच्या आतून म्हणालो, "बरं."

"दोर त्या कडीत वळतो ना, तिथे घर्षण होतं. तुमचा सगळा भार त्यावर पेलला जातो. वजन किती तुमचं?"

"काका, खाली आल्यावर सांगतो."

"अंदाजे?"

"काका..."

"अहो, हिशोबाला लागतंय."

"ब्याऐंशी."

"ब्याऐंशी!" काकांनी हा आकडा खाली जमलेल्या मंडळींना दिला. त्यात आमची टोळी, काकांच्या पुतण्याची टोळी आणि शेजारच्या कॅम्पवरच्या कॉलेजच्या मुली होत्या. क्षणभर शांतता. काका गुणाकार करत होते. माझ्या पोटावरून वारा जात होता. "गुणिले नऊ पूर्णांक आठ... आठशे तीन पूर्णांक सहा न्यूटन!"

टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. लोकांना वाटलं, विक्रम वगैरे असावा.

शेवटी वरून दुसऱ्या दोरानं एक जण माझ्या शेजारी उतरला. त्यानं माझा भार एका पट्ट्यावर घेतला, दोर सैल केला, कापड ओढून बघितलं आणि कात्री काढली. छपाईपर्यंत कापावं लागलं. 'पाण्यात' कडीत राहिलं आणि मी छातीवर 'भीती गेली' घेऊन, बेंबीसकट जमिनीवर आलो.

"सर, टी-शर्ट आत खोचायचा असतो," खालचा इन्स्ट्रक्टर म्हणाला.

"हे वर सांगायचं ना."

"वर कोणी विचारलं नाही."

यावर काय बोलणार? माणशी हजारांनी पैसे घेतात, कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा आणि त्याला दाराच्या कडीच्या जागी सुतळी. फोटोंचे वेगळे, व्हिडिओचे त्याहून वेगळे. तक्रार करायला गेलो तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "रिव्ह्यूमध्ये लिहा," आणि जेवायला गेला.

परतीला मुंबई-गोवा महामार्गावर वडखळच्या अलीकडे गाड्या ठप्प. मी खिडकीला डोकं टेकलं, तोच शेजारच्या रांगेत एक पांढरी गाडी येऊन थांबली. तिची काच खाली आली.

"ठाणेकर! पोट बरं आहे?"

पुतण्या पुढच्या सीटवर कानात इअरफोन घालून डोळे मिटून होता. किती वर्षांचा सराव असेल तो.

"हा रस्ता आधी सतरा नंबरचा होता. आता सहासष्ट आहे," काका म्हणाले. "नंबर वाढला, रस्ता तोच. पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटर. रुंदीकरण सुरू झालं २०११ साली. पहिलीतलं पोर कॉलेजात गेलं या काळात!"

यावेळी मात्र मला बोलायचं होतं. दरवर्षी गणपतीला कोकणात जाताना कंबर याच खड्ड्यांत मोडते आणि दरवर्षी मुहूर्त पुढच्या गणपतीचा मिळतो. मी तोंड उघडलं आणि आमची रांग वीस फूट सरकली. काका मागे पडले. मग त्यांची सरकली, ते आले. "तर पहिला टप्पा..." आमची सरकली. पळस्प्यापर्यंत मी या महामार्गाचा इतिहास असा हप्त्याहप्त्यानं ऐकला, मधल्या मधल्या वर्षांशिवाय.

आमचा ड्रायव्हर पेणचा. दिवसभर एक शब्द बोलला नव्हता. काकांची गाडी पुन्हा मागे पडली तेव्हा त्यानं आरसा नीट केला आणि म्हणाला, "साहेब, त्या काकांना आपल्याच गाडीत घ्या ना. मला अर्धंच ऐकू येतंय."